जानेवारीतला मोठा सूर्य

सुरतेत थंडी येते म्हणजे नेमकं काय येतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. सकाळी स्वेटर चढवायचा, दहा वाजता तो कमरेला गुंडाळायचा आणि दुपारी पंखा लावायचा, एवढाच तिचा पसारा. तरी आम्ही तिचं कौतुक करतो. पोंकचे ठेले लागतात. ज्वारीचे कोवळे, हिरवे, भाजलेले दाणे, वरून शेव आणि लिंबू. आमची खानदेशी माणसं तो खाताना हटकून म्हणतात, की हा तर आपला हुरडाच, यांनी नाव बदललं आणि शेव टाकली. रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये दोरा ताणून त्याला गुलाबी मांजा चढवणारे दिसायला लागतात. उत्तरायणाला अजून दहा दिवस असतात, पण गच्च्यांवर पतंग कापल्याच्या ‘काप्यो छे’ या आरोळीचा सराव आधीच सुरू झालेला असतो.

याच दिवसांत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ येते. त्या बिंदूला उपसूर्य म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी फळ्यावर एक अंडाकृती काढते, एका बाजूला जरा सरकवून सूर्य काढते आणि म्हणते, “मुलांनो, आज आपण इथे आहोत. वर्षभरात यापेक्षा जवळ आपण कधीच नसतो.” मुलं स्वेटरच्या बाह्यांमध्ये हात घालून माझ्याकडे बघत राहतात. मग कोणीतरी विचारतंच. शाळा मराठी आहे, पण प्रश्न बहुतेक वेळा गुजरातीतून येतो, “तो तो गरमी थवी जोइए ने, टीचर?” म्हणजे, मग तर गरम व्हायला हवं ना?

मग मी सांगते. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे, या दिवसांत आपला अर्धा गोल सूर्यापासून पलीकडे झुकलेला असतो, किरण तिरपे पडतात, दिवस लहान असतो, म्हणून थंडी. जवळ आणि लांब यात फरक पडतो तो पन्नास लाख किलोमीटरचा, पण ऋतू त्यावर ठरत नाहीत. हे मी सराईतपणे सांगते. 

यंदा मात्र पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून हसत म्हणाली, “टीचर, माझे पप्पा म्हणतात की सूर्य लांब जातो म्हणून थंडी पडते. त्यांना काहीच कळत नाही!” वर्ग हसला. मी तिला जरुरीपेक्षा जोरात म्हणाले, “खाली बस. पप्पांना असं म्हणायचं नाही.” ती बिचारी गोरीमोरी झाली. तिला काय माहीत, की मी तिला ओरडतच नव्हते.

आम्ही तेव्हा डिंडोलीला राहायचो. आता तिथे उड्डाणपूल आणि उंच इमारती झाल्या, तेव्हा एका ओळीत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या आणि मागे शेतं. आमच्या गल्लीत सगळी धुळ्या-जळगावकडची माणसं. आबा, म्हणजे माझे वडील, पलसाण्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये होते. सायकलने हायवेपर्यंत जायचे आणि पुढे मिलची बस. ते घरी यायचे तेव्हा ओल्या कापडाचा आणि वाफेचा एक कडवट वास त्यांच्याबरोबर दारातून आत यायचा. त्यांच्या हातांवरून मला कळायचं, की आज कुठला रंग चालला होता. नखांच्या कडा कधी जांभळ्या, कधी मोरपंखी. आई म्हणायची, या माणसाला रोज होळी.

आबांचं काम शेड मिळवण्याचं, म्हणजे रंग जुळवण्याचं. व्यापाऱ्याने कापडाचा एक तुकडा पाठवलेला असतो, तो सॅम्पल. त्या रंगाचा अख्खा ताका, म्हणजे सगळा तागा, रंगवायचा. मशीनमधून तुकडा काढायचा, वाळवायचा, सॅम्पलच्या शेजारी ठेवायचा आणि सांगायचं, की लाल कमी आहे, पिवळा जरासा वर गेलाय. आबा दोन्ही तुकडे घेऊन मिलच्या दारात उन्हात जायचे, मान कलती करायचे, कापड उजेडाकडे थोडं तिरकं धरायचे आणि सांगायचे. डायिंग मास्तर शिकलेला माणूस, पण आबांनी होकार दिल्याशिवाय ताका पुढे सोडायचा नाही. चौथी शिकलेल्या माणसाला मिळालेला हा मान आमच्या घरात फार मोठा होता. आबांचा एक नियम होता. रंग कधी आठवणीवर सांगायचा नाही. सॅम्पल शेजारी पाहिजेच. आठवण रंग बदलते, असं ते म्हणत.

आमच्या खोलीच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. पावसाळ्यात तिथे डांबराचा तुकडा चिकटवायचा आणि पाऊस संपला की तो गळून पडायचा. दुपारी त्या भोकातून उन्हाचा एक गोल कवडसा जमिनीवर उतरायचा आणि हळूहळू सरकत भिंतीकडे जायचा. लहानपणी आम्ही भावंडं तो मुठीत धरायचा खेळ खेळायचो. तो कवडसा म्हणजे भोकाचा आकार नसतो, सूर्याचंच चित्र असतं, हे मला पुढे पुस्तकात कळलं. आबांना ते कसं कळलं होतं, मला माहीत नाही. एका ग्रहणाच्या दिवशी तो गोल कडेने खाल्ल्यासारखा झालेला त्यांनी पाहिला असेल कदाचित. मी कधी विचारलं नाही.

मी नववीत होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी माझी निवड झाली होती आणि मी घरभर त्याचाच तोरा मिरवत होते. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, पण त्या महिन्यात मी पुस्तकी मराठीशिवाय तोंड उघडत नव्हते. मला अजून विषय सुचत नव्हता आणि त्यामुळे मी जास्तच चिडचिडी झाले होते. जानेवारीचा पहिला रविवार. मिलमधले आबांचे दोन मित्र आले होते, जमिनीवर कागद पसरून पोंक खाणं चाललं होतं. आबा उठले, ट्रंकेतून करड्या कापडाचा एक तुकडा काढला, तो ताटात घट्ट बसवला आणि ताट कवडशाखाली धरलं. नुसतं धरलं नाही, सूर्याकडे थोडं कलतं केलं. जमिनीवर लांबोडा पडणारा कवडसा ताटात गोल झाला. त्या कापडावर पेनाने काढलेलं एक वर्तुळ आधीच होतं. ते त्यांनी मे महिन्यात काढून ठेवलं होतं. आताचा गोल त्या वर्तुळाच्या बाहेर सगळीकडून दिसत होता.

“देख व बाई,” आबा मला म्हणाले, “हाऊ उन्हायाना, आन हाऊ आतेना. आते सूर्य मोठा दिखस. जोडे येल शे तो.” मग जरा थांबून, लाजल्यासारखे म्हणाले, “तुना प्रदर्शनमा चाली का?”

आठ महिने त्या माणसाने ते कापड ट्रंकेत जपून ठेवलं होतं. माझ्या प्रदर्शनासाठी ठेवलं नसेल, तेव्हा प्रदर्शनाचा पत्ताही नव्हता. स्वतःच्या कुतूहलासाठी ठेवलं असणार. पण ते त्यांनी मला देऊ केलं.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “आबा, सूर्य जवळ आला असता तर आपण भाजलो नसतो का? हिवाळ्यात सूर्य लांब जातो, म्हणून तर थंडी पडते. तुम्हाला एवढंही कळत नाही?” घरात मी त्यांना ‘तू’ म्हणायचे. त्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणाले आणि एवढ्या आदराने इतका अपमान मी पुन्हा कोणाचा केलेला नाही. वर आमच्या बाईंचं एक वाक्यही ठोकून दिलं, “शास्त्रात नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो.”

मित्र खो खो हसले. एक जण म्हणाला, “पोरगी तर वकील निघनी रे!” आबाही हसले. अगदी मोकळे हसले, त्यात अभिमानच होता, हे मला आता कळतं आणि म्हणूनच ते जास्त लागतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताटातून कापड काढलं, झटकलं आणि खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलच्या दांड्यावर लटकत होतं, सायकल पुसून तेलाने काळं झालेलं. मी ते पाहिलं आणि शाळेत गेले. प्रदर्शनात मी पाणी गाळायचं यंत्र ठेवलं, इतर सहा जणांनीही तेच ठेवलं होतं.

खरं काय ते मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी समजलं. सरांनी फळ्यावर अंडाकृती काढली, सूर्य जरा बाजूला काढला आणि तारीख लिहिली. जानेवारी. मी वहीत उतरवायचं विसरले. आबांचा पुरावा कच्चा होता, हे त्याच दिवशी कळलं. हिवाळ्यात ऊन तिरपं येतं, भोकापासून ताटापर्यंतचं अंतर वाढतं आणि कवडसा मोठा पडतो तो मुख्यतः त्यामुळे. जवळ आल्यामुळे पडणारा फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. पण त्यात तो मिलिमीटर होता. त्यांनी जे म्हटलं होतं, की मोठा दिसतो, जवळ आलाय, ते बरोबर होतं. मी जे म्हटलं होतं ते साफ चूक होतं. नववीतली मुलगी जर जरा शांत बसली असती, जर तिने विचारलं असतं की आबा, हे अंतर दोन्ही वेळेला सारखं कसं ठेवता येईल, तर त्या प्रदर्शनात पाणी गाळायच्या सहा यंत्रांमध्ये एक सूर्य मांडलेला असता.

त्या संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं ठरवलं होतं. आबा दमून आले होते, नखं हिरवी होती, भाकरी खात होते. मी म्हटलं, उद्या सांगू. ते उद्या किती लांबलं, याचा हिशेब मला देता येत नाही. सुरुवातीला लाज होती. मग वाटलं, इतक्या जुन्या गोष्टीचं काय एवढं. मग लग्न झालं, तापीच्या पलीकडे अडाजणला गेले. डिंडोलीला जाणं सणावारी होऊ लागलं, आणि सणावारी घरात इतकी माणसं असतात की खरं बोलायला जागा नसते. दर जानेवारीत मी वर्गाला सांगायचे आणि आबांना सांगायचं राहून जायचं. शंभरेक मुलांना दरवर्षी सांगितलं. ज्या एका माणसाला सांगायचं होतं, तो त्याच शहरात, नदीच्या अलीकडे, अंगणात उन्हाला बसलेला असायचा.

पृथ्वी उपसूर्याजवळ असते तेव्हा ती सगळ्यांत वेगाने पळत असते, हेही मी मुलांना शिकवते. जवळचे दिवस भराभर सरतात, लांबचे रेंगाळतात. माझ्या आणि आबांच्या बाबतीत ते जवळचे दिवस म्हणजे त्या खोलीतली दोन-तीन वर्षं. ते मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे, रस्त्यावरच्या साड्यांचे रंग ओळखायला लावायचे. “हाऊ कोनता?” मी म्हणायचे, गुलाबी. ते म्हणायचे, नाही, यात पिवळा आहे, नीट बघ. मी नीट बघायचे आणि खरंच पिवळा दिसायचा. बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी मात्र त्यांना सांगितलं, की डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

हे सगळं मी एक बारीकसं दुःख म्हणून इतकी वर्षं वागवत आले होते. पण गेल्या दिवाळीत आईने पुरणाची पोळी लाटता लाटता सहज एक गोष्ट सांगितली. मिलमध्ये रंग ओळखायचं मशीन आलं, कॉम्प्युटरचं, तेव्हाची. मशीन आकडे सांगायचं. आबांच्या बरोबरीचे लोक मास्तराशी भांडले, की मशीन जुळला म्हणतं तो रंग जुळलेला नाही, उन्हात आणून बघा. आबांना दिसत होतं की रंग जुळलेला नाही. ते मास्तराचे सगळ्यांत जुने, ते बोलले असते तर त्याने ऐकलं असतं.

“त्या कोनासंगे भांडनात नई,” आई आबांबद्दल म्हणाली. “उलट लोकेसले सांगेत, मशिनले दिखस ते खरं. मनी आंडेर सांगस, डोयावर भरोसा ठेवाना नई.”

मनी आंडेर म्हणजे माझी मुलगी. आई कौतुकाने सांगत होती. पुढच्या महिन्यात आबांना शेड मिळवण्याच्या कामावरून काढून कापड घडी करायच्या खात्यात बसवलं, तिथून ते निवृत्त झाले. आईच्या मते ते काम हलकं होतं, सावलीतलं होतं, बरंच झालं. मी पोळी उलटायला गेले आणि बोट भाजून घेतलं. मग कळलं, की चहाच्या टपरीवर, गल्लीत, नातवंडांना, सगळ्यांना आबा इतकी वर्षं सांगत आले आहेत, हिवाळ्यात सूर्य लांब जातो. मनी आंडेर सांगस.

म्हणून यंदा त्या मुलीला ओरडून झाल्यावर, शाळा सुटली तशी मी घरी न जाता डिंडोलीला गेले. दुपारचा साडेबाराचा सुमार. भावाने त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधलंय, गच्चीवर टाकीशेजारी पत्र्याची शेड टाकलीय. आबा तिथेच खुर्चीत बसून पतंग बघत होते. ऐंशीच्या पुढे आहेत. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि तेव्हापासून निळा रंग फार निळा दिसतो अशी त्यांची तक्रार आहे.

शेडच्या पत्र्याला स्क्रूची भोकं होतीच. त्यातल्या एकातून कवडसा खाली पडला होता. मी खालून एक ताट आणलं, माझा पांढरा रुमाल त्यात बसवला, फिरकीतला दोरा घेऊन भोकापासून रुमालापर्यंतचं अंतर मोजलं, दोऱ्याला गाठ मारली आणि ताट कलतं केलं. लांबोडा कवडसा गोल झाला. मग मी आबांच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि ज्या भाषेत तेव्हा बोलायला हवं होतं त्या भाषेत म्हणाले, “आबा, मी नववीमा चूक सांगेल व्हतं. तुनं बराबर व्हतं. हिवायामा सूर्य जोडेच येस.”

मला वाटलं होतं ते विचारतील, कोणती नववी, कसलं सांगणं. तेवढी वर्षं मध्ये गेली होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, “बरं. तू सांगस ते बराबर.”

एवढंच. तीस वर्षं जो निरोप माझ्याकडे पडून होता, तो त्यांनी एका वाक्यात घेऊन टाकला. मी चुकीचं सांगितलं तेव्हाही त्यांनी मी सांगितलं म्हणून मानलं आणि बरोबर सांगितलं तेव्हाही तसंच. मी त्यांना त्यांचे डोळे परत द्यायला गेले होते आणि त्यांनी पुन्हा माझाच शब्द घेतला. मला रडू आलं. म्हटलं, “मी सांगते म्हणून नको रे आबा. तू देख. तुना डोयाघाई देख.”

ते खुर्चीतून वाकले. रुमालावरच्या त्या गोलाकडे खूप वेळ बघत राहिले. मान कलती झाली, तीच जुनी. शेजारच्या गच्चीवर कोणाचा तरी पतंग कापला, गलका झाला, पण त्यांनी वर पाहिलं नाही. मग ते हळूच म्हणाले, “उन्हायाना सॅम्पल कोठे शे? सॅम्पल नई ते कसं सांगू?”

 त्यांचा सॅम्पल होता, मे महिन्यातला, पेनाने नीट काढलेला, आणि तो कुठे गेला ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पेन काढलं आणि कवडशाच्या कडेने वर्तुळ काढून घेतलं. ते तितकंसं गोल आलं नाही. शेजारी तारीख घातली. मे महिन्यात येईन, म्हटलं, हाच दोरा आणि हाच रुमाल घेऊन. मेला अजून चार महिने आहेत आणि आबांच्या वयाला चार महिने फार असतात, हे माझ्या डोक्यात आलंच.

त्यांनी रुमाल ताटातून काढला, घडी केली आणि माझ्या हातात न देता स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. खिशावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “राही आठे. आते पुसाले सायकलबी नई शे.”